पाटी उतरली, पण मजुरी?



अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण दर हजच्या मोसमात ऐकतो आणि मान डोलावतो. या वेळी मान डोलावण्यापूर्वी थोडे अमेरिकेतील मेम्फिस शहराकडे पाहू या.

तिथे एकेकाळी विभक्तीकरण हाच कायदा होता. पाण्याचे नळ वेगळे, शाळा वेगळ्या. प्राणिसंग्रहालयसुद्धा कृष्णवर्णीयांना आठवड्यातून एकच दिवस खुले. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने या पाट्या उतरवल्या. नोकरीत वर्णभेद करणेही बेकायदा ठरले. पण शहराचा कचरा उचलणारे हात कृष्णवर्णीयांचेच राहिले आणि मुकादमी गोऱ्यांकडेच राहिली. गळक्या टोपल्या खांद्यावर, घाण पाणी अंगावर, आणि पूर्णवेळ राबूनही घर चालेना.

1968 च्या जानेवारीअखेर तिथे मुसळधार पाऊस झाला. गटारांवर काम करणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांना दोन तासांची मजुरी देऊन घरी धाडले. गोऱ्या मुकादमांचा दिवस मात्र पूर्ण भरला. त्याच आठवड्यात, 1 फेब्रुवारीला, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार पावसापासून बचावासाठी कचरागाडीच्या मागच्या भागात शिरले. जुनाट गाडीची दाबयंत्रणा अचानक सुरू झाली आणि ज्या यंत्रात ते कचरा टाकत, त्यातच ते चिरडले गेले.

12 फेब्रुवारीला सुमारे 1,300 कामगार कामावर गेले नाहीत. पुढे त्यांच्या गळ्यातील फलकांवर एवढेच लिहिलेले असे : मी माणूस आहे. पगारवाढीचा आकडा त्यावर नव्हता. त्यांच्या पाठिंब्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची 4 एप्रिलला त्याच शहरात हत्या झाली. 16 एप्रिलला समझोता झाला, संघटनेला मान्यता आणि वेतनवाढ मिळाली. शहराचे निवृत्तिवेतन मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. काही जण म्हातारपणीही कचराच उचलत राहिले. हयात संपकऱ्यांना शहराने अनुदान दिले ते 2017 साली, म्हणजे 49 वर्षांनी.

आता हजरत अबू जर (रजि.) यांचा प्रसंग आठवा. रागाच्या भरात त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. काही कथनांनुसार तो माणूस म्हणजे हजरत बिलाल (रजि.) आणि टोमणा आईच्या काळ्या रंगाचा होता. प्रेषितांनी (स.) त्यांना सुनावले की, तुझ्यात अजून अज्ञानकाळ शिल्लक आहे. इथपर्यंतची गोष्ट आपल्या मुलांनाही पाठ असते. पुढचा भाग मात्र आपण घाईने ओलांडतो. त्याच दमात प्रेषितांनी (स.) सांगितले की, तुमच्या हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत; स्वतः खाता ते त्यांना खाऊ घाला, स्वतः नेसता ते त्यांना द्या, झेपणार नाही असे काम लादू नका आणि लादलेच तर स्वतः हात लावा. विचार करा, दोष जिभेचा होता आणि उपाय सांगितला तो ताटाचा, कपड्याचा, ओझ्याचा. पुढे रबजा येथे लोकांनी अबू जर (रजि.) यांना पाहिले, तेव्हा त्यांच्या आणि त्यांच्या गुलामाच्या अंगावर सारखेच वस्त्र होते. ही हदीस आपल्यापर्यंत पोचली, ती त्या वस्त्राबद्दल कोणीतरी विचारले म्हणून.

मेम्फिसने जिभेला आवर घातला होता, निदान कागदावर. ताट आणि ओझे जिथल्या तिथेच होते.

एक गोष्ट माझ्याकडचीही सांगतो. प्रश्न तिथे वंशाचा नव्हता, पावसाचा होता. मागच्या पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचले म्हणून आमच्या मशिदीत झाडलोट करणारा चार दिवस येऊ शकला नाही, आणि त्याचे चार दिवसांचे पैसे कापले गेले. त्या दिवसांत मीही एका जमातीला पोचलो नव्हतो. माझे मानधन कोणी कापले नाही आणि मी काही बोललो नाही. महिनाभराने स्वतःहून विषय काढला, तेव्हा त्याचे पैसे त्याला मिळाले.

तुमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे गेल्या पावसाळ्यातले खाडे कापले असतील, तर तो हिशेब या आठवड्यात पुन्हा काढा.