शेठाणी म्हणायचं कुणाला?

आपल्या बागचं नाव कापडानं दूरवर नेलं. लाकडी ठसे, चिंचोक्याच्या खळीतली तुरटी, धावड्याची फुलं, बाघिनी नदीचं वाहतं पाणी. २००८ साली या छपाईला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता डोळे मिटून अशा कारखान्याचा मालक आठवा बरं. पुरुषच आला ना समोर? ठसा हाती घेणाऱ्या बायका इथे आहेत, तरीसुद्धा.

हे कोडं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया शाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर अभ्यासलं. १९७३ साली त्यांनी सुमारे ३०० पुरुष अधिकाऱ्यांपुढे ९२ गुणांची यादी ठेवली. कुणी पुरुषांचं वर्णन करायचं, कुणी बायकांचं, कुणी यशस्वी अधिकाऱ्याचं. अधिकाऱ्याचं वर्णन जुळलं ते पुरुषाशी. १९७५ मध्ये अधिकारी बायकांना विचारलं, तर त्यांचंही उत्तर तेच! १९८९ मध्ये पुन्हा पाहिलं, तेव्हा बायकांच्या मनातलं चित्र बदललं होतं. पुरुषांचं होतं तसंच होतं.

आपली भाषाच बघा ना. शेठ म्हणजे पेढीचा धनी, आणि शेठाणी? त्याची बायको. पाटलीणही तशीच. मध्य प्रदेशात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना राखीव झाल्या, तर 'सरपंचपती' हा नवा मानकरी जन्माला आला.

काही जणी म्हणतील, काम मिळालं, चार पैसे हाती आले, पुरे की! पैसे हवेतच, त्यावाचून सगळी बोलणी पोकळ. पण मजुरी मिळणं वेगळं आणि शब्दाला वजन येणं वेगळं. भाव कोण ठरवतं, गल्ल्याची किल्ली कुणाकडे, कागदावर सही कुणाची, हे विचारल्याशिवाय सबलीकरण झालं असं मी तरी म्हणणार नाही.

आणि एक. बाईनं धीट व्हावं, शिकावं, हा उपदेश आपण लेकींनाच करतो. शाइनबाईंचे आकडे सांगतात की बायका बदलल्या होत्या. मग उरलेला धडा कुणाचा? तो लेकांना शिकवायचा आहे, आणि तोही घरातच. बहिणीनं हिशेब मांडला तर तो मुकाट्यानं मानायचा, पुन्हा बाबांकडून तपासून घ्यायचा नाही, इथपासून सुरुवात करता येईल.