'ढ' आणि 'च'

मराठीत माणसाचा निकाल एका अक्षरात लावता येतो : 'ढ'. ब्राह्मीपासून आजपर्यंत बाकीची अक्षरं बदलत गेली, हे मात्र जवळजवळ तसंच राहिलं, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणायचं, असं सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, त्या शिक्क्यातला दावा तिने अचूक पकडलाय : हे पोर बदलणार नाही. डोंबिवलीतल्या एका शाळेत सातवीत मला तो शिक्का बसला. चाळिशीतही हिशेबाचा कागद समोर आला की माझे हात गार पडायचे. 'आपलं गणित कच्चंच!' हे आता बाई म्हणत नव्हत्या, मीच म्हणत होतो.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे रोज स्वतःला 'मी हुशार आहे' असं बजावणं. तो मला पटत नाही. तोही शिक्काच, फक्त रंग वेगळा; पुढच्या अपयशात पुसला जाणारा. निकाल लागला की ठाणे, डोंबिवली, कल्याणात क्लासेसचे फलक झळकतात : मुलाचा चेहरा, खाली टक्के. ज्यांचे चेहरे तिथे नसतात, त्यांचं मोजमापही त्याच फलकाने होतं.

अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडायला सुरुवात केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे वेगळी वाट दाखवते. गुण द्यायचे तर कृतीला द्या, अख्ख्या माणसाला नको. एकोणिसाव्या वर्षी एलिस मुलींशी बोलायला विलक्षण घाबरायचे. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात त्यांनी महिनाभर दिसेल त्या अनोळखी मुलीशी बोलायचं ठरवलं. शंभरेक जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. भीती मात्र गेली. यश न मिळताही गेली, हे मला फार मोलाचं वाटतं.

हा विचार मराठीत आणण्यात मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचा वाटा मोठा. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' उभी केली आणि लेखांतून, भाषणांतून ही विचारपद्धती सामान्य घरांपर्यंत नेली. इच्छेचा दुराग्रह झाला की त्रास सुरू होतो, असं ही पद्धती मानते. आपल्या भाषेत तर तो दुराग्रह कानालाच कळतो. 'मला जमायला हवं' ही इच्छा; 'मला जमलंच पाहिजे' म्हटलं की त्या 'च'च्या पोटात धमकी असते : नाही जमलं, तर मी कुचकामी. (नैराश्याने ग्रासलेल्याला मात्र 'विचार बदल' एवढंच सांगणं क्रूरपणाचं आहे, त्याला तज्ज्ञ हवा, कधी औषधही.)

शिक्का तपासायचा तर पुरावा मागावा लागतो. दहावीतली माझी भाची कल्याणला राहते. पूर्वपरीक्षेनंतर रडत म्हणाली, "मामा, मला गणित येतच नाही."

"कशावरून?"

तिने दोन्ही उत्तरपत्रिका पुढे टाकल्या. बीजगणित चाळीसपैकी 14, भूमिती 27. मी काहीच बोललो नाही. तिने बीजगणिताचा पेपर उलगडला, चुकांवर पेन्सिलीने खुणा केल्या. बराच वेळ त्या खुणांकडे पाहिलं आणि म्हणाली, "वर्गसमीकरणं येत नाहीत."

आम्ही वही काढली.