३४३ गिल्टी स्पार्क: शब्दावर विसंबावे कोणाच्या?

‘हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्ड’ या गेमच्या दहा लेव्हल्सपैकी सहावीचे नाव ‘३४३ गिल्टी स्पार्क’ आहे. बंजी या स्टुडिओने तयार केलेला हा गेम मायक्रोसॉफ्टने १५ नोव्हेंबर २००१ रोजी एक्सबॉक्सबरोबरच अमेरिकेत आणला. परग्रहवासीयांवर गोळ्या झाडत पुढे सरकायचे, हा त्याचा वरवरचा साचा. या लेव्हलमध्ये मात्र बराच वेळ बंदुकीला फारसे काम उरत नाही, आणि त्या मोकळ्या वेळात एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो: जे स्वतः पाहिलेले नाही, त्याविषयी कोणाच्या शब्दावर विसंबावे?

कथेचा काळ इ.स. २५५२. कोव्हेनंट ही अनेक परग्रही जमातींची धर्मसत्ता मानवजातीच्या संहाराला निघाली आहे. तिच्यापासून पळ काढणारे ‘पिलर ऑफ ऑटम’ हे मानवी जहाज अंतराळातल्या एका अजस्र वलयापाशी पोचते. हेच हेलो. त्याचा व्यास सुमारे १०,००० किलोमीटर. आतल्या अंगाला समुद्र, डोंगर, दलदली आणि श्वास घेण्याजोगी हवा. ते बांधणारे फोररनर सुमारे एक लाख वर्षांपूर्वी नाहीसे झाले. कोव्हेनंट त्यांना देव मानते आणि वलयाला परमपवित्र. माणसांना मात्र ते एखादे शस्त्र असावे असा संशय आहे. पाचव्या लेव्हलच्या शेवटी कोर्टाना ही कृत्रिम बुद्धी वलयाच्या नियंत्रण कक्षातल्या यंत्रणेत शिरते. तिथे तिला काहीतरी भयंकर कळते आणि ती खेळाडू ज्याच्या रूपात खेळतो त्या मास्टर चीफ या सैनिकाला तातडीने पिटाळते: जहाजाचे कॅप्टन कीज शस्त्रांचे कोठार समजून जिथे गेले आहेत, तिथे त्यांना शिरू देऊ नकोस. कळले काय, हे ती सांगत नाही. चीफ केवळ तिच्या शब्दावर निघतो.

इथून पुढे लेव्हलची रचना विलक्षण विचारपूर्वक केलेली आहे. पाच लेव्हल्सभर चीफच्या कानात बोलणारी, वाट दाखवणारी, शंका सोडवणारी कोर्टाना नियंत्रण कक्षातच राहिली आहे. चीफ धुक्याने भरलेल्या दलदलीत एकटा उतरतो. पुढे कोसळलेले पेलिकन विमान दिसते, माणसे दिसत नाहीत. आतापर्यंत अंगावर धावून येणारे कोव्हेनंटचे ग्रंट आणि जॅकल सैनिक इथे सैरावैरा पळतात, आणि पळतात ते चीफला घाबरून नव्हे. जमिनीखालच्या वास्तूत शिरल्यावर भिंतींवर रक्ताचे फराटे, इतस्ततः पडलेली प्रेते आणि बंद दारे एवढेच भेटते. समजावून सांगणारे कोणी नाही. खेळाडूकडे फक्त खुणा आहेत आणि त्यांवरून करायचे अनुमान.

मग एक जिवंत साक्षीदार सापडतो. काळोख्या खोलीत लपलेला मरीन शिपाई. चीफ जवळ जाताच तो त्याच्यावरच पिस्तूल झाडतो. मेल्याचे सोंग घेऊन आपण वाचलो, जिवंत होते त्यांना ‘त्यांनी’ नेले, अशा अर्थाचे तो बरळत राहतो. या माणसाने सगळे डोळ्यांनी पाहिलेले आहे. पण मनाचे तुकडे झाल्यामुळे त्याच्या साक्षीचेही तुकडेच हाती लागतात. खेळाडूला त्याला शांत करता येत नाही, प्रश्न विचारता येत नाही. काही खेळाडू स्वतःचा जीव वाचवायला त्याला गोळी घालतात, आणि जे काय ठाऊक होते ते त्याच्याबरोबर जाते.

दुसरी साक्ष एका मृताची. एक बंद दार उघडताच मरीनचे प्रेत बाहेर कोसळते. तिथे सापडलेल्या जेन्किन्स या शिपायाच्या हेल्मेटमधली चित्रफीत चीफ पाहतो. विमानातल्या गप्पा, सार्जंट जॉन्सनचा दरारा, वाटेत दिसलेले कोव्हेनंट सैनिकाचे विद्रूप प्रेत, मग ते कुलूपबंद दार, ते उघडण्याची खटपट, आतली शांतता आणि अखेरीस चहूकडून आत घुसणारे लहान लहान जीव. जेन्किन्सला कोणाला काही पटवून द्यायचे नव्हते. कॅमेरा चालू होता, इतकेच. संपूर्ण लेव्हलमधली सर्वांत विश्वसनीय साक्ष हीच ठरते. चित्रफीत संपते न संपते तोच त्या खोलीची दारे फुटतात आणि फ्लड चीफवर येऊन आदळतो. फ्लड हा परजीवी आहे. तो शरीरात शिरतो, मज्जासंस्था ताब्यात घेतो आणि माणूस असो वा परग्रही, त्या देहाला आपल्या सैन्यात सामील करून घेतो.

लढत लढत चीफ पुन्हा दलदलीत येतो. तिथे एक तरंगता, निळसर प्रकाशाचा धातूचा गोळा भेटतो: ३४३ गिल्टी स्पार्क, या वलयाचा राखणदार. त्याच्या क्रमांकातही एक हिशोब आहे. ३४३ म्हणजे सातचा घन. वलये एकूण सात, आणि पुढच्या गेममध्ये भेटणाऱ्या दुसऱ्या राखणदाराचा क्रमांक २४०१, म्हणजे सातचा चौथा घात. गिल्टी स्पार्क गुणगुणतो, अदबीने बोलतो, चीफला ‘रिक्लेमर’ म्हणून ओळखतो आणि फ्लड आवरायला मदत मागतो. काही न विचारता चीफ त्याच्याबरोबर जातो. सातव्या लेव्हलमध्ये वलय सुरू करण्याची किल्ली, म्हणजे इंडेक्स, मिळते आणि आठव्या लेव्हलमध्ये ती नियंत्रण कक्षात आणली जाते. शेवटच्या क्षणी कोर्टाना ती हिरावून घेते आणि सत्य सांगते. वलय फ्लडला मारत नाही, फ्लडचे अन्न मारते. त्याच्या लहरीचा पल्ला २५,००० प्रकाशवर्षे आहे. इतर वलयेही पाठोपाठ सुरू झाली तर आकाशगंगेत फ्लडला पोसण्याजोगा एकही जीव उरणार नाही. यावर गिल्टी स्पार्क ओशाळत नाही. चीफला हे ठाऊकच असणार, असे तो खऱ्याखुऱ्या आश्चर्याने म्हणतो.

हे आश्चर्य महत्त्वाचे आहे, कारण इथे कोणी खोटे बोललेले नाही. न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्याबरोबर शब्द हे चौथे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले आहे. मात्र शब्द आप्ताचा हवा. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण दिले आहे: ज्याने वस्तू जशी आहे तशी स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी ती सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू असल्याचेही तो सांगतो. कुळ, जात, पंथ याने शब्दाला अधिकार येत नाही. ज्ञान आणि सांगण्याची इच्छा या दोहोंनी येतो. ही उदारता इतकी रुंद आहे की परग्रहवासी आणि यंत्र यांनाही त्याच कसोटीला उभे करता येते.

गिल्टी स्पार्क त्या कसोटीवर अर्धाच उतरतो. वलयाविषयी त्याच्याइतके साक्षात ज्ञान कथेतल्या कोणालाच नाही. पण समोरच्याला कळावे ही इच्छा त्याच्यात नाही. ठरलेली कार्यपद्धती बिनचूक पार पडावी, एवढीच त्याची आस्था. कोणी नेमके विचारले तर तो नेमके उत्तर देतो. आठव्या लेव्हलमध्ये तो चीफला पूर्वी झालेल्या एका संवादाची आठवण करून देतो: निवड तुझ्या हाती असती तर तू हे केले असतेस का, असे तेव्हा विचारले गेले होते, दीर्घकाळ चिंतन करूनही उत्तर बदललेले नाही, निवड नाहीच, वलय सुरू केले पाहिजे. चीफने त्याला असे काही कधीच विचारलेले नसते. एक लाख वर्षांच्या एकांतात या राखणदाराच्या लेखी प्रश्नकर्ते वेगवेगळे उरलेले नाहीत. प्रश्न जपलेला आहे, विचारणारा कोण हे हरवले आहे.

चीफचे मात्र चुकले का? कुमारिल भट्टाच्या मीमांसेत ज्ञान स्वतःच प्रमाण मानले जाते. त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान किंवा त्याच्या कारणातला दोष समोर येईपर्यंत ते ग्राह्य धरायचे. चीफ नेमका असाच वागला. बाध आला कोर्टानाच्या शब्दाने, आणि त्याने तत्काळ पाऊल मागे घेतले. नैयायिकांना हे पुरेसे वाटणार नाही. त्यांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून ठरते, विशेषतः त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला आली की. दुरून पाणी दिसले, जवळ जाऊन प्यायले, तहान भागली. पाण्याचे ज्ञान खरे होते. एरवी ही कसोटी चोख आहे, पण हेलोच्या बाबतीत ती वापरताच येत नाही. वलय खरोखर काय करते हे ते चालवून पाहायचे, तर निकाल वाचायला कोणी उरणार नाही. अशा ठिकाणी मीमांसकांची वाट धरणे धोक्याचे आणि नैयायिकांची वाट बंद. उरतो तो एकच मार्ग: कृतीच्या आधी बोलणाऱ्याची परीक्षा. गेमची सारी घडण आज्ञापालनावर उभी असताना ही गोष्ट खेळाडूच्या ध्यानात आणून देणे हे या लेव्हलचे मोठे यश मानले पाहिजे. पडद्यावर उद्दिष्ट उमटते आणि खेळाडू ते पार पाडतो. इंडेक्स आणून देणारा हात त्याचाच असतो.

कोव्हेनंटचे दुखणे गिल्टी स्पार्कच्या उलट आहे. तिचे धर्मगुरू, म्हणजे प्रॉफेट, शिकवतात की वलये प्रज्वलित केली की भक्त फोररनरांच्या पाठोपाठ ‘महायात्रे’ला जाऊन दिव्यत्व पावतील. सांगण्याची इच्छा इथे उदंड, ज्ञान शून्य. २००७ साली आलेल्या जोसेफ स्टेटन यांच्या ‘काँटॅक्ट हार्वेस्ट’ या कादंबरीने हे चित्र आणखी काळे केले. माणसे हीच फोररनरांनी नेमलेले वारस आहेत, हे एका प्राचीन यंत्राने तिघा धर्मगुरूंना युद्धाच्या आरंभीच सांगितलेले असते. ते तिघे ही गोष्ट दडपतात आणि माणसांना अपवित्र ठरवून युद्ध पुकारतात. अज्ञान एक वेळ क्षम्य असते. जाणूनबुजून उलटे सांगणाऱ्याने आप्तपणाच्या दोन्ही अटी मोडलेल्या असतात, आणि अब्जावधींची श्रद्धा त्याच्या हाती असेल तर हा अपराध नुसत्या असत्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. दोष श्रद्धा ठेवणाऱ्या ग्रंटांचा नाही. प्रश्न विचारण्याची वाट ज्यांनी बुजवली त्यांचा आहे.

ती वाट उघडते २००४ सालच्या ‘हेलो २’च्या अखेरीस. गिल्टी स्पार्क तोवर कोव्हेनंटच्या ताब्यात गेलेला असतो. तिथे त्याला ‘ऑरॅकल’ म्हणून पूजले जाते. पूजा होते, विचारणा होत नाही. धर्मसत्तेचाच योद्धा असलेला आर्बिटर शेवटी त्याला विचारतो, वलये बांधणाऱ्यांचे काय झाले? उत्तर लगेच येते: दुसरा उपाय न उरल्याने त्यांनी वलये सुरू केली आणि योजनेप्रमाणे इतर सर्व बुद्धिमान जीवांबरोबर तेही मेले. ज्या एका वाक्याने महायुद्ध निराधार ठरते, ते वाक्य धर्मपीठाच्या हाताशीच पडून होते.

पुढच्या पुस्तकांनी या लेव्हलमधली आणखी दोन कोडी उलगडली. विल्यम डिट्झ यांच्या ‘हेलो: द फ्लड’ या २००३ च्या कादंबरीत जेन्किन्स मेलेला नाही. त्याच्यात शिरलेला परजीवी दीर्घ कैदेने दुर्बळ झाल्यामुळे जेन्किन्सची जाणीव शाबूत राहते, पण देह त्याचा राहत नाही. त्याला ज्ञान आहे, सांगण्याची तळमळ आहे, फक्त वाचा नाही. ग्रेग बेअर यांच्या ‘प्रायमॉर्डियम’ या २०१२ च्या कादंबरीत राखणदाराचे मूळ कळते: तो एके काळी चाकास नावाचा माणूस होता आणि त्याच्या स्मृती फोररनरांनी यंत्रात उतरवल्या. म्हणजे दलदलीत चीफला भेटलेला गोळा परका नव्हता. माणसाच्या स्मृती आणि नेमून दिलेले नियम यांतून नियमांनीच त्याच्या वतीने बोलायचे, अशी व्यवस्था त्याला घडवणाऱ्यांनी करून ठेवली होती. ‘हेलो ३’मध्ये नियमाला धक्का लागताच तो जॉन्सनला ठार करतो आणि चीफच्या हातून स्वतः नष्ट होतो.