हक्काचा विसावा

उन्हाळा लागला की इटलीच्या अमाल्फी किनाऱ्याचे फोटो डोळ्यांपुढे येऊ लागतात. कड्याला बिलगलेलं पोझितानो गाव, एकावर एक चढत गेलेली गुलाबी, पिवळी, पांढरी घरं, खाली निळंशार पाणी, वाळूवर ओळीने मांडलेल्या छत्र्या आणि सैल पांढऱ्या लिननच्या कपड्यांत निवांत बसलेली माणसं. सुट्टी असावी तर अशी, असं मनात येतं. त्या चित्रातलं आपल्याला नेमकं काय हवं असतं? ते कपडे की तो निवांतपणा?

हा प्रश्न इटलीला फार जुना आहे. उन्हाळ्यात शहर सोडून काही आठवडे हवापालटाला जाण्याला इटालियन भाषेत 'व्हिलेज्जातुरा' म्हणतात. कार्लो गोल्दोनी या नाटककाराने 1761 साली या प्रथेवर एकाला एक जोडलेली तीन नाटकं लिहिली. समुद्रकाठच्या लिव्होर्नो शहरातली काही कुटुंबं जवळच्या मोन्तेनेरो टेकडीवर सुट्टीला निघाली आहेत. तरुण लिओनार्दो कर्जात बुडालेला, तरी जायचंच म्हणून हटून बसलेला. त्याची बहीण व्हित्तोरिया हिला नव्या फॅशनचा झगा शिवून हवा आहे, तो अंगावर आल्याशिवाय ती घरातून पाऊल काढणार नाही. तिसऱ्या नाटकात सुट्टी संपते आणि घेणेकरी दारात उभे असतात. अडीचशेहून अधिक वर्षं झाली, पण हप्त्याने सुट्टी घेणारा आजचा माणूस या घरातलाच वाटावा.

अमाल्फीचा किनारा आज श्रीमंती थाटासाठी ओळखला जातो. तो थाट इथे उशिरा आला. पोझितानोसारखी गावं एकेकाळी इतकी गरीब होती, की माणसं बोटीत बसून अमेरिकेला निघून गेली. जॉन स्टाइनबेकने 1953 साली एका अमेरिकन मासिकात पोझितानोवर लेख लिहिला आणि जगाची पावलं तिकडे वळली. त्याच्या कितीतरी आधीपासून इथले लोक कड्यावर लिंबं पिकवत होते. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी खोदायचा आणि प्रत्येक पायरीला दगडी बांध घालायचा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. कोकणातल्या माणसाला हा गडगा बघताक्षणी ओळखू येईल. वर चेस्टनटच्या वाशांचा मांडव असतो, आणि हिवाळ्यात गारा-वाऱ्यापासून झाडं वाचवायला त्यावर जाळ्या पसरतात. 'स्फुझातो' जातीची लांबट, टोकदार लिंबं या मांडवाखाली वाढतात. उतार असा, की गाडी जायला जागाच नाही. मायोरी आणि मिनोरी या गावांच्या मधल्या पायवाटेने बायका लिंबांच्या जड टोपल्या खांद्यावर घेऊन बंदरापर्यंत उतरायच्या. त्यांना नाव पडलं 'फोर्मिकेल्ले', म्हणजे छोट्या मुंग्या.

एखादा गडगा ढासळला, की पावसात वरची माती खालच्या पायरीवर येते, तिथून त्याच्याही खाली. म्हणून दगड रचायचं काम कधी संपत नाही. बिनचुन्याची भिंत रचण्याच्या या कलेचा युनेस्कोने 2018 साली सांस्कृतिक वारशात समावेश केला, तो इटलीसह आठ देशांच्या नावाने. फोटोत जो हिरवा डोंगर सुंदर दिसतो, तो या हातांनी जागेवर धरून ठेवलेला आहे.

पोझितानोच्या गल्लीतला चांभारही असाच. गिऱ्हाईक चामड्याच्या तळव्यावर पाय ठेवतं. तो पट्टा अंगठ्याजवळून फिरवून बघतो, जरा ओढतो, जरा सैल सोडतो, खूण करतो, भोक पाडतो, हातोडीचे चार ठोके देतो आणि पुन्हा पाय ठेवायला सांगतो. पट्टा कुठेही टोचत नाही अशी खात्री झाली, की चप्पल तयार. थाट तोही आहे, पण तो पायाला सुख देणारा. बघणाऱ्याचे डोळे दिपावेत म्हणून अंगावर चढवलेला थाट मात्र ज्याचं अंग, त्यालाच काचतो.

सुट्टीचं मूळही कष्टातच आहे. 15 ऑगस्टला इटलीत 'फेर्रागोस्तो'ची सार्वजनिक सुट्टी असते. हे नाव सम्राट ऑगस्टसवरून आलं, त्याने इसवी सनापूर्वी 18 साली सुरू केलेल्या सुट्टीवरून. त्याच महिन्यात रोमन लोक कॉन्सुस या साठवलेल्या धान्याच्या देवाचा सण करत. त्या दिवशी घोड्यांना आणि खेचरांना कामाला जुंपत नसत, त्यांच्या डोक्यावर फुलांच्या माळा घालत. पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्याने वर्षभर ओढलं, त्याचा खांदा एक दिवस मोकळा राहिला पाहिजे.

पुढे हीच समज कायद्यात उतरली. इटलीची राज्यघटना 1 जानेवारी 1948 पासून लागू झाली. तिच्या 36व्या कलमात कामगाराला आठवड्याच्या विश्रांतीचा आणि वर्षाकाठी भरपगारी सुट्टीचा हक्क दिलेला आहे. पुढचे शब्द तर जपून ठेवावेत असे आहेत. हा हक्क कामगाराला स्वतःलाही सोडून देता येत नाही. मतं, मानपान, पैसा यांवर माणूस पाणी सोडू शकतो. विसाव्यावर त्याने पाणी सोडावं, हे त्या घटनाकारांना मान्य नव्हतं. युद्धाने होरपळून निघालेला देश पुन्हा उभा करताना त्यांना हे सुचलं, याचं मला फार मोल वाटतं.

आपल्याकडे मात्र 'दहा वर्षांत एक रजा घेतली नाही' हे अभिमानाने सांगतात, आणि घेतलीच तर ती लोकांना दाखवण्यात निम्मी संपते. दोन्हींत विसावा राहूनच जातो. इटलीच्या किनाऱ्यावर जायला मिळालं तर जरूर जावं. लिंबाच्या मांडवाखाली बसावं, गडग्यावरून हात फिरवावा, आणि तो रचणाऱ्याची आठवण ठेवावी. जायला नाही मिळालं तरी काही अडत नाही. आपल्याच अंगणातल्या झाडाखाली एक दुपार मोकळी ठेवावी. फोन आत, कामाची वही मिटलेली, आणि घरात सगळ्यात जास्त राबणारं माणूस आपल्या शेजारी बसलेलं. त्या दुपारी त्याच्याही खांद्यावर काही असू नये.

विसावा हा हक्क आहे. तो सोडू नका, आणि दुसऱ्या कुणालाही सोडू देऊ नका.