गुडघा वाकत नाही तेव्हा



गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाहेरची जखम भरते. आत मात्र वण तयार होत असतो. काहींचा हा वण वाजवीपेक्षा घट्ट होतो. मग महिने उलटले तरी गुडघा पुरता वाकत नाही, जिना चढताना ओढ बसते. “ऑपरेशन झालं ना, मग अजून दुखतं कसं?” असे आपण सहज विचारतो. तो प्रश्न त्या माणसाला दुखण्याहून अधिक लागतो.

गुडघे टेकता येत नाहीत म्हणून आपल्यापैकी काहीजण मिस्साला येण्याचाच संकोच करतात. त्यांनी खंत बाळगू नये. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील ४३व्या कलमात आजारी व्यक्तींना ही मुभा दिलेली आहे. पवित्रीकरणानंतर धर्मगुरू गुडघा टेकतात, तेव्हा अशांनी लवून नमन करावे. ख्रिस्तसभेला तेवढे पुरेसे आहे.

याकोबाला देवाचा आशीर्वाद लाभला, तरी तो लंगडतच पुढे गेला (उत्पत्ती ३२). पुनरुत्थित प्रभूनेही थोमाला आपले व्रण दाखवले (योहान २०). वण राहिला म्हणजे देवाने पाठ फिरवली, असे नव्हे.

म्हणून सांगितलेला व्यायाम आपण नेटाने करू या. ताठरपणा वा सूज वाढली तर डॉक्टरांना वेळीच दाखवू या. प्रार्थना व्यायामाची जागा घेत नाही, ती त्यासाठी बळ देते. आणि ज्यांचे गुडघे धड आहेत, त्यांनी बाकाच्या कडेची जागा रिकामी ठेवावी, पायरीवर हात द्यावा. ही सेवासुद्धा प्रभूचीच आहे.