रिकामं पाकीट

इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडवर कांड्या भरणारी एक आक्का होती. दमा जुना, नाकात मांस वाढून दोनदा ऑपरेशन झालेलं. एका रात्री पाठ भरून आली म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी घेतली, आणि तासाभरात छाती आवळली, पापण्या सुजल्या. दवाखान्यात वाफ दिली तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

आठवड्याने मुलगा तिला लॅबमध्ये घेऊन गेला. "काका, कुठल्या गोळीची अ‍ॅलर्जी आहे ते रक्तातून काढा. पैशाचं बघू नका."

लॅबवाल्या काकांनी सुई बाजूला ठेवली. "आक्का, असं आधी कधी झालं होतं?"

झालं होतं. दाढदुखीला आयब्युप्रोफेन घेतल्यावर, आणि त्याआधी डोकं दुखलं तेव्हा अ‍ॅस्पिरिनवर.

"मग रक्त कशाला? नावं तीन, काम एकच. वेदना वाढवणारं विकर या गोळ्या रोखतात. तुमच्या अंगात ती वाट अडली की ल्युकोट्रिन नावाची द्रव्यं वाढतात आणि श्वासनळ्या आवळतात. धुळीची, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी रक्तातल्या आयजीई नावाच्या प्रतिपिंडांत दिसते, ही सहसा तिथं दिसत नाही. रक्तातल्या पेशींवर औषध घालून बघायच्या चाचण्या आहेत, पण त्या निगेटिव्ह आल्या म्हणून गोळी चालेल असं मी लिहून देणार नाही. खात्रीच हवी असेल, तर मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांसमोर थोडी थोडी मात्रा देऊन बघतात. घरी कधीच नाही."

भिंतीवरच्या दरपत्रकात टायफॉइडची 'विडाल' चाचणी होती. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "ज्यांच्या नावाची ही चाचणी, त्या फ्रान्सच्या विडालसाहेबांनीच 1922 साली दमा, नाकातलं मांस आणि अ‍ॅस्पिरिन यांचं नातं मांडलं. तेही रोग्याकडं बघून." मग कागदावर तिन्ही नावं लिहून त्यांनी तो आक्काच्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत.

फुकट मिळालेला कागद मुलाला पटला नाही. एवढ्या काळजीपोटी आलेल्या माणसाला छापील रिपोर्टचाच आधार वाटतो, त्याला दोष कसा द्यावा? त्याने दुसरीकडे मोठं पॅकेज घेतलं. अंडी, दूध, धूळ, शेवटी औषधं. औषधांपुढे सगळीकडे 'निगेटिव्ह'. फाईल देव्हाऱ्याशेजारी ठेवली गेली. काकांचा कागद कुठे गेला, कुणालाच कळलं नाही.

पावसाळ्यात आक्काचा गुडघा सुजला. घरात होती ती गोळी मुलाने स्वतःच्या हाताने दिली.

या वेळी इंजेक्शन लागलं, ऑक्सिजन लागला. मुलाने फाईल पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली, मिटली आणि विचारलं, "गोळी कुठली दिली?"

त्याला नाव आठवेना. भर पावसात तो घरी पळाला, केराची बादली अंगणात पालथी केली. भाजीच्या देठांत ते चंदेरी पाकीट सापडलं. सदऱ्याला पुसून त्याने ते उजेडात धरलं आणि बारीक अक्षरांतलं नाव एकेक अक्षर लावून वाचू लागला.