गंजाचा कोश

खर्डीच्या हरिनाम सप्ताहात आमचे बुवा तैत्तिरीय उपनिषदातले पाच कोश सांगतात: अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. कांद्याचे पापुद्रे सोलावेत तसा एकेक कोश काढून टाकायचा, असं त्यांचं म्हणणं. मी कल्याणच्या लोको शेडमधला निवृत्त फिटर. माझा वेदान्त कानस आणि पॉलिश पेपरपुरता. पण बुवांच्याच पिस्तुलावरून आमचं वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

पिस्तूल त्यांच्या मुरबाडकडच्या आजोळचं. ठासणीचं, नळी कधीच बुजवलेली. दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागायचं, आणि ओलं हळदकुंकू लोखंडावर तसंच राहिलं की खाली गंज धरणारच. बुवा म्हणाले, "भाऊ, सगळं काढा. मूळ रूप दिसू द्या."

रॉकेलात भिजवून घासत गेलो, तर खालून पांढरं लोखंड निघालं. बुवा हरखले. मी म्हटलं, "हे असंच ठेवा, श्रावणातली खर्डीची हवा सकाळपर्यंत तांबूस करील." तुमचं मूळ रूप एक रात्र टिकत नाही, तर ते मूळ कसलं? शिवाय एका स्क्रूच्या माथ्याखाली, जिथे कुंकूही पोचलं नव्हतं आणि माझा कागदही, तिथे काळसर थर शाबूत होता. कारागिरानेच दिलेला. म्हणजे उघडं लोखंड त्यानेही कधी कोणाच्या हातात दिलं नव्हतं.

त्याची रीत मला ठाऊक होती. लोखंड तेलकटपणा काढून स्वच्छ करायचं आणि मुद्दाम गंजू द्यायचं. परदेशात यासाठी दमट पेटी लागते म्हणे. आपल्याकडे पावसाळ्यात पडवी पुरते. पातळ, एकसारखा गंज आला की तो भाग उकळत्या पाण्यात धरायचा. तांबडा गंज डोळ्यांदेखत काळा होतो. सुटी काजळी स्टील वूलने हलक्या हाताने झाडायची, पुन्हा गंजवायचं, पुन्हा उकळायचं. रंग गडद होत जातो. शेवटी तेल. तांबडा गंज लोखंड खात जातो. हा काळा थर घट्ट बसतो, तेल धरतो आणि पुढचा गंज अडवतो. दोन्ही लोखंड आणि प्राणवायूच्याच संयोगातून झालेले.

बुवा गप्प झाले नाहीत, ते कधीच होत नाहीत. "मग सप्तशृंगीचं काय? २०२२ साली शेंदराचे थर काढले, तेव्हाच देवीचं कोरीव रूप दिसलं ना?" खरं आहे. तिथे थराखाली कुणाची तरी छिन्नी होती, ती दिसायलाच हवी. पण तेलात कालवलेला शेंदूर म्हणजे आमच्या रेल्वेच्या लोखंडी पुलांना वर्षानुवर्षं दिलेलं रेड लेड. भक्ताने भक्तीने दिलं, इंजिनिअरने गंजाच्या धाकाने.

मी त्यांना त्यांच्याच पोथीत परत नेलं. भृगुवल्लीत भृगू अन्नापासून सुरुवात करून आनंदापर्यंत पोचतो. गोष्ट तिथे संपायला हवी होती, पण लगेच पुढे व्रत सांगितलंय, अन्नाची निंदा करू नये म्हणून. सगळ्यात बाहेरचा, सगळ्यात आधी ओलांडलेला कोश, आणि शेवटाला पोचल्यावर त्याचाच मान राखायचा. कोश हा कचरा असता तर असं सांगायचं कारण काय? बुवा यावर "तो संदर्भ वेगळा" म्हणतात. असेल.

आता वाद उरलाय खड्ड्यांचा. गंजाने नळीवर बारीक खड्डे पाडलेत आणि त्यांच्या शेजारीच कारागिराची पुसट अक्षरं आहेत. खड्डे घालवायचे तर अक्षरांच्या खोलीइतकं लोखंड घासावं लागेल, कडा गोल होतील. मी नाही म्हटलंय. बुवांना ते गुळगुळीत हवंय. तोवर पिस्तूल माझ्याकडे तेलकट फडक्यात आहे, आणि खंडेनवमीला कुंकू कोरडं लावायचं की तेलात, एवढं मात्र ठरलंय: तेलात.